मी पासष्टची तेव्हा भाऊ अठ्ठावन्नचा: होल लाइफ पॉलिसी घ्यावी की नाही हे ठरवताना

बाबांच्या वर्षश्राद्धानंतर महिनाभरात, २०२५ च्या जुलैमध्ये, काका घरी आले. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र, आमच्या घरातल्या सगळ्या पॉलिसी त्यांनीच काढलेल्या, बाबांच्या, आईच्या, माझी पहिली नोकरी लागली तेव्हा माझीपण. बाबा गेले तेव्हा त्यांच्या दोन एंडोमेंट पॉलिसींचे (ठरलेली मुदत संपली किंवा मधे माणूस गेला तरी पैसे देणाऱ्या) मिळून ३ लाख ४० हजार आले आणि त्याची सगळी कागदपत्रं काकांनीच केली, आईला एकदाही कुठल्या खिडकीसमोर उभं राहू दिलं नाही, हे मी कधीच विसरणार नाही. म्हणून ते म्हणाले की आता तुझ्यासाठी एक होल लाइफ, म्हणजे आयुष्यभर चालणारी पॉलिसी, बघितलीय, तेव्हा मी ऐकून घेणारच होते.

थोडं घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी ३६ वर्षांची, नाशिकला अनुदानित शाळेत शिकवते. नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन नाही. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. आणि माझा धाकटा भाऊ, २९ वर्षांचा, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तो रोज सकाळी डबा घेऊन कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या आणि पणत्या बनवतो, रंग त्याच्याइतके नीट कोणी लावत नाही. पैसे मात्र त्याला कळत नाहीत, पाचशेची नोट आणि दहाची नोट त्याच्यासाठी सारखीच. आई ६६ ची आहे.

काकांचा प्लॅन असा होता. विमा रक्कम १० लाख, २० वर्षं हप्ता भरायचा, वर्षाला ५४ हजारांच्या आसपास. हप्ते संपले की दरवर्षी विमा रकमेच्या ८ टक्के, म्हणजे ८० हजार, मी ९९ ची होईपर्यंत. मधे कधीही काही झालं तर १० लाख अधिक बोनस (कंपनीच्या नफ्यातला वाटा) घरच्यांना, आणि शंभरीला पोचलेच तर ते पैसे मलाच. काका म्हणाले, "बाळा, आठ टक्के आयुष्यभर, आज कुठली बँक देते?" आई लगेच म्हणाली घेऊन टाक, भावाला आयुष्यभर काहीतरी येत राहील. मलाही पहिल्या झटक्यात तसंच वाटलं. प्रामाणिकपणे सांगते, त्या दिवशी चेकबुक कपाटात नसतं, हातात असतं, तर मी सही केली असती.

थांबले ते एका जुन्या अनुभवामुळे. २०१३ मध्ये पहिली नोकरी लागली तेव्हा मी एक पॉलिसी घेतली होती, वर्षाला २४ हजार. तीन वर्षं भरले, मग लग्न झालं, नोकरीत खंड पडला, हप्ता जमेना, आणि २०१६ मध्ये ती सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली. भरले होते ७२ हजार, हातात आले २१ हजार सहाशे. तीस टक्के. तेव्हा नियमच तसा होता, आणि तो पॉलिसीच्या कागदात लिहिलेला होता, फक्त मला कोणी सांगितला नव्हता आणि मी वाचला नव्हता. (आता १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललेत, एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी काहीतरी सरेंडर व्हॅल्यू मिळते, पूर्वीपेक्षा बरी मिळते. तरी तोटा होतोच.) त्यामुळे या वेळी मी काकांना म्हटलं, काका, मला कंपनीचं बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे किती भरायचं आणि किती मिळेल त्याचा तक्ता, द्या, मी घरी बसून वाचते, पंधरा दिवस द्या. काकांना ते फारसं आवडलं नाही पण त्यांनी दिलं.

त्या कागदावर दोन रकाने असतात, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. मी आधी समजले की कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ८ टक्के मला मिळणार. तसं नसतं. कंपनीच्या गुंतवणुकीवर ४ किंवा ८ टक्के परतावा आला असं नुसतं गृहीत धरून बोनसचे आकडे काढलेले असतात, त्यातून कंपनीचा खर्च, एजंटचं कमिशन, विम्याची किंमत हे सगळं जातं आणि मग उरतं ते आपलं. आणि काकांचे आठ टक्के हे तिसरेच आठ टक्के, ते विमा रकमेवर, मी भरलेल्या आणि वीस वर्षं अडकून पडलेल्या पैशावर नाहीत. तीन वेगळ्या गोष्टी आणि आकडा एकच, इथेच माणूस फसतो, आणि मला वाटतं बऱ्याच एजंटांनासुद्धा हा फरक कोणी नीट शिकवलेला नसतो. काका खोटं बोलत होते असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांनी स्वतःसाठीपण तोच प्लॅन घेतलाय.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना मी मधल्या सुट्टीत कागद दाखवला. त्यांनी एक्सेल उघडलं, एका रकान्यात वर्षं, दुसऱ्यात पैसे, भरलेले वजा, आलेले अधिक, आणि खाली आयआरआरचा, म्हणजे वर्षाला खरा किती टक्के परतावा पडतो त्याचा, फॉर्म्युला. मी ८० व्या वर्षी गेले असं धरलं. (स्वतःच्या मरणाचं वर्ष एक्सेलमध्ये टाइप करताना हात थोडा अडखळतो, पण त्याशिवाय हे गणित होतच नाही.) बोनस एक रुपयाही धरला नाही तर परतावा ४ टक्क्यांच्या आसपास. बोनसचे एकूण २० लाख जमतील असं धरलं तरी साडेपाचच्या आत. सरांनी मग बाजूला दुसरा तक्ता केला. टर्म इन्शुरन्स (ठरलेल्या मुदतीत गेलो तरच घरच्यांना पैसे, नाहीतर काही नाही), १ कोटीचा, ६५ वर्षांपर्यंतचा, मला मिळालेलं कोटेशन वर्षाला १४ हजार. ५४ मधून १४ गेले, उरलेले ४० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत योजनेत. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, तोच पुढे राहिला असं धरलं तर २० वर्षांनी पावणेअठरा लाख जमतात, आणि त्याचं नुसतं व्याज वर्षाला सव्वा लाख, मुद्दल तसंच. टर्मचा हप्ता पुढची ९ वर्षं भरावा लागेल, तो त्या व्याजातून गेला तरी ८० हजारांपेक्षा जास्त उरतात. दर कमी होऊ शकतो हे मान्य, तो दर तीन महिन्यांनी सरकार ठरवतं, पण फरक इतका मोठा आहे की थोडं खालीवर झालं तरी चित्र बदलत नाही.

पण मला हलवून टाकलं ते या गणिताने नाही. भावासाठी आम्ही बाबा आजारी असतानाच एका निवासी संस्थेत चौकशी करून ठेवली होती, म्हणजे अगदीच वेळ आली तर. तिथला खर्च महिन्याला १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. मी उद्या गेले तर होल लाइफचे १० लाख त्याला साडेचार वर्षं पुरतील. साडेचार. तो तेव्हा चौतीसचाही नसेल. वर्षाला ५४ हजार भरून मी त्याची साडेचार वर्षं विकत घेत होते आणि आई आणि मी दोघी समजत होतो की आयुष्यभराची सोय झाली. आणि ते वर्षाचे ८० हजार म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या थोडं वर, तेही २० वर्षांनी सुरू होणारे, महागाई ६ टक्के धरली तर आजच्या वर्षाला २५ हजारांसारखे. संस्थेचं दीड महिन्याचं भाडंही निघत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग सरळ टर्म घेऊन मोकळं व्हायचं, असं कोणीही म्हणेल. स्टाफरूममध्ये सगळे तेच म्हणाले, टर्म घे, बाकीचं गुंतव, विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेव. मुलीसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. ती पंचविशीत कमवायला लागेल, घराचं कर्ज फिटेल, माझ्या साठीनंतर माझ्या पगारावर ती अवलंबून नसेल, म्हणजे विम्याची गरजच संपते. बहुतेक लोकांचं असंच असतं आणि म्हणूनच बहुतेक लोकांना होल लाइफ लागत नाही, हे मला आता पटलंय.

पण नवरा जेवताना सहज म्हणाला, "तू ६५ ची होशील तेव्हा तो किती वर्षांचा असेल?" अठ्ठावन्न. टर्म ६५ ला संपणार, मी ६७ व्या वर्षी गेले तर कोणाला काही मिळणार नाही, आणि भाऊ तेव्हाही आजच्यासारखाच कोणावर तरी अवलंबून असणार, उलट वयामुळे जास्त. त्याच्या बाबतीत विम्याची गरज साठीला संपत नाही, ती माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे. म्हणजे आमच्या घरात एक माणूस असा आहे ज्याच्यासाठी होल लाइफचा विचार खरंच करायला हवा, फक्त काकांनी आणलेल्या प्लॅनमधून ती गरज भागत नव्हती. हे दोन मुद्दे वेगळे करायला मला जवळजवळ दीड महिना लागला.

मग मी आयुष्यभराच्या टर्मचं बघितलं, काही कंपन्या ९९ वर्षांपर्यंत टर्म देतात, त्यात मधे काही मिळत नाही, पण कधीही गेलात तरी रक्कम घरच्यांना मिळतेच. कोटेशन ६५ वाल्याच्या दुपटीहून जास्त आलं. त्याहून मोठी अडचण म्हणजे हप्ता. मी ५८ ला रिटायर होणार, पुढे ऐंशीपर्यंत मी टर्मचा हप्ता कशातून भरू? आणि एका वर्षी विसरले, किंवा विसरण्याचाच आजार झाला, तर पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद, आणि इतकी वर्षं भरलेलं सगळं गेलं. हप्ते साठीआधी संपवायचा पर्याय होता पण तो आमच्या बजेटच्या बाहेर.

पोस्टाचं सुचवलं आमच्या मुख्याध्यापक बाईंनी. पोस्टल लाइफ इन्शुरन्स, पीएलआय, १८८४ पासून चालू आहे, आधी पोस्टाच्या लोकांसाठी होतं, मग सरकारी आणि निमसरकारी लोकांसाठी, अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनाही मिळतं, आणि मी इतकी वर्षं नोकरी करून मला हे माहीत नव्हतं! त्यात 'सुरक्षा' नावाची होल लाइफ आहे. हप्ता ५५, ५८ किंवा ६० व्या वर्षी थांबतो, आपण निवडायचं, आणि ५८ म्हणजे बरोबर माझं रिटायरमेंटचं वर्ष. मी ८० ची झाले तर विमा रक्कम आणि बोनस मला मिळतो, त्याआधी गेले तर वारसाला. बोनस सध्या हजारी ७६ रुपये वर्षाला. त्यांच्याच एंडोमेंटला, 'संतोष'ला, हजारी ५२ आहे, होल लाइफला जास्त का तर पैसा त्यांच्याकडे जास्त वर्षं राहतो. १० लाखांवर वर्षाला ७६ हजार बोनस जमा होत जातो, ४४ वर्षं हाच दर राहिला तर ८० व्या वर्षी ४३ लाखांच्या वर. दर दरवर्षी जाहीर होतो, तो असाच राहील असं कोणी लिहून देत नाही, पण मूळ रक्कम आणि एकदा जाहीर झालेल्या बोनसला सरकारची हमी आहे. गुंतवणूक म्हणून याच्याकडे बघू नका, परतावा यातही पीपीएफला मागे टाकत नाही. मी घेतली ती एवढ्याचसाठी की हप्ता पगाराबरोबर थांबेल आणि विमा पुढे चालू राहील.

हेही सांगते, काउंटरवर तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी त्यांचं सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा कागद नव्हता. पण तिथल्या बाईंनी नीट सांगितलं की तीन वर्षांआधी सरेंडर होत नाही, पाच वर्षांआधी केलं तर बोनस नाही, चार वर्षांनंतर कर्ज काढता येतं. कोणीतरी घ्यायच्या आधी बंद करण्याचे नियम सांगतंय हे माझ्यासाठी पहिल्यांदाच होतं.

तर शेवटी असं केलं. १ कोटीची टर्म, ६५ पर्यंत, मुलगी आणि भाऊ दोघांसाठी, मी लवकर गेले तर. पोस्टाची होल लाइफ १० लाखांची, ती फक्त भावासाठी. आणि पीपीएफमध्ये महिन्याला अडीच हजार, ते वाढवत न्यायचेत. काकांकडे कोटेशन आलं तेव्हा टर्मवर १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी काढला, मी ऑक्टोबरमध्ये घेतली त्यामुळे तो वाचला. टॅक्स वाचतो म्हणून होल लाइफ घे, असंही काका म्हणाले होते, पण मी नव्या टॅक्स रेजीममध्ये आहे, तिथे ८०सी चा, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणाऱ्या करसवलतीचा, काही उपयोग नाही, हे आपापलं तपासून घ्या.

टर्म मी काकांच्याच हातून घेतली. मला त्यांना तोंडावर नाही म्हणायचं होतं आणि ते जमत नव्हतं, तीन दिवस फोन उचलला नाही, मग घरी गेले आणि एक्सेलचा कागद पुढे ठेवून म्हटलं, काका, हे बघा, भावाला साडेचार वर्षंच पुरतंय. ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले बरं, टर्मचा फॉर्म भरू. त्या फॉर्ममध्ये मात्र एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. फॉर्म भरून आला त्यात आजाराच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. काका म्हणाले थायरॉइड काय सगळ्यांनाच असतो, उगाच मेडिकल मागे लागतं. मी फॉर्म बदलून घेतला, मेडिकल केली, रक्त, ईसीजी, टीएसएच सगळं, आणि हप्ता एक रुपयाही वाढला नाही. विमा कायद्याचं कलम ४५ आहे, तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर शंका घेऊ शकत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत लपवलेला आजार सापडला तर क्लेम अडतो. ज्याच्यासाठी हे सगळं करतोय तो माझा भाऊ कंपनीशी भांडायला जाऊ शकणार नाही, म्हणून फॉर्मवरचा प्रत्येक शब्द खरा असायला हवा. प्लीज तुमचा फॉर्म स्वतः वाचा. आणि पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात परत करायला, त्या दिवसांत ती उघडून बघा, कपाटात ठेवू नका.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं काम संपलं, आणि तेव्हा कळलं की पॉलिसी घेणं हा त्यातला सोपा भाग होता. पैसे भावाच्या नावाने आले तर तो ते वापरणार कसे? अठरा वर्षांनंतर आई कायद्याने आपोआप त्याची पालक राहत नाही, हे आम्हाला अकरा वर्षं माहीतच नव्हतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. आईचा अर्ज गेलाय. नॉमिनीचंही तसंच, २०१५ च्या बदलानंतर विमा कायद्यात आईवडील, नवराबायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैशावर त्यांचाच हक्क, पण त्या यादीत भाऊ नाही. भाऊ नुसता नॉमिनी, पैशावर वारस दावा करू शकतात. माझा नवरा आणि मुलगी असं काही करणार नाहीत हे मला माहीतय, पण चाळीस वर्षांनी कोण कुठे असेल हे कोणी सांगावं. मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अॅक्टखाली पॉलिसी सुरक्षित करता येते असं ऐकलं होतं, पण तो बायको आणि मुलांसाठी आहे, भावासाठी चालत नाही. म्हणून वकिलांच्या सल्ल्याने एक खाजगी ट्रस्ट करतोय, भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली, लाभार्थी फक्त भाऊ, आणि मृत्युपत्रात लिहितेय की पोस्टाच्या पॉलिसीचे पैसे आणि टर्ममधले ६० लाख त्या ट्रस्टमध्ये जावेत.

ट्रस्टी तीन हवेत असं आम्ही ठरवलंय. नवरा एक. दुसरी माझी मैत्रीण, कार्यशाळेतली शिक्षिका, भाऊ तिचं ऐकतो. तिसरा कोणीतरी वयाने लहान हवा, कारण आम्ही सगळे एकदमच म्हातारे होणार. मावसभावाला विचारलंय, तो २६ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. त्याने लगेच हो म्हटलं नाही आणि मला ते आवडलं. तो म्हणाला ताई, गुढीपाडव्यापर्यंत वेळ दे, आणि तोपर्यंत दर महिन्याला एक रविवार येऊन भावाबरोबर राहून बघतो. पहिला रविवार झाला, दोघांनी मिळून चाळीस पणत्या रंगवल्या.